जिवंत माणसाचा विलाप

बिश्केक,
३ मार्च २००४

ती. उमसुनाय एजेस, धाकट्या भावाचा सलाम वि. वि.

इकडे सर्व ठीक. तू पाठवलेलं लोणी मिनीबसवाल्याने घरपोच आणून दिलं. वाटेत त्याने चव घेतली असावी, कारण वरच बोटाची खूण होती. विचारलं तर म्हणाला, खड्ड्यांमुळे झालं असेल.

गेल्या आठवड्यात विद्यापीठातल्या आमच्या विभागातल्या जुमाकादिरच्या वर्षाच्या जेवणाला, आशला, जाऊन आलो. जाऊन वर्ष झालं बिचाऱ्याला. मुलांनी दोन घोडी कापली, मोठा तंबू ठोकला, गावोगावचे लोक बोलावले. आणि भाषणं काय झाली म्हणतेस! एकाने सांगितलं, जुमाकादिरने आयुष्यात दुसऱ्याची एक ओळ उचलली नाही. माझ्या पुस्तकातलं कबरीवरच्या कवितांचं अख्खं प्रकरण त्याने स्वतःच्या नावावर छापलं होतं, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक होतं, कारण ते प्रकरण त्यानेच तपासून पास केलं होतं. मग त्याच्या बहिणीने तंबूत बसून असा काही विलाप गायला की माझ्यासकट सगळे रडले. रडता रडता माझ्या मनात आलं, एवढं चांगलं बोलणं चाललंय आणि ज्याच्याबद्दल बोलताहेत तो एकटाच तेवढा गैरहजर.

म्हणून मी ठरवलं आहे. येत्या ऑगस्टमध्ये आपल्या अक-जारला माझी आश मी स्वतः घालणार, जिवंतपणी. हसू नकोस. जुन्या काळी मोठी माणसं असं करत असत, मी ग्रंथांत वाचलं आहे. माझा एक मुलगा मॉस्कोत, मुलगी कोरियात. माझ्या मागे ती दोघं फोनवरून एखादं कोकरू कापतील आणि झालं. शिवाय सगळं आयुष्य मी मृत्यूवर लिहिलं. माझ्या पुस्तकाची पहिली आवृत्ती 'मृत्यू: एक जुना समज' या नावाने निघाली, तेव्हा राजवट तशी होती. राजवट बदलल्यावर 'मृत्यू: एक दार' निघाली. आता तिसरी, 'मृत्यू: एक प्रकाश', छापखान्यात आहे. आतला मजकूर फारसा बदलावा लागला नाही, हीच त्या विचारांची ताकद. अशा माणसाने स्वतःच्या आशला हजर राहू नये, तर कोणी राहावं?

तुझ्याकडे एकच मागणं. माझा विलाप तू गायचास. आख्ख्या नारिनमध्ये तुझ्यासारखं गाणारी दुसरी नाही, हे मी सर्वांना सांगत असतो.

लोभ आहेच, तो मी ऐकू शकतोय तोवर बोलून दाखवावा.

तुझा,
सेयिलबेक

~

अक-जार,
१९ मार्च

चि. सेयिल यास, आशीर्वाद, आणि जवळ असतास तर कान पिळला असता.

पत्र वाचलं. सून झिपारला वाचून दाखवलं, तर ती चुलीपाशी हसत बसली आणि दूध उतू गेलं. ते दूध तुझ्या नावावर.

आधी सरळ विचारते, सरळ उत्तर दे. तुला काही झालंय का? डॉक्टरांनी काही सांगितलंय का? शहरातली माणसं मोठा आजार लपवायला मोठमोठ्या गोष्टी करतात. भाकरीवर हात ठेवून शपथ घे आणि मग लिही.

आता विलापाचं. नाही गाणार. अरे, विलाप म्हणजे काय तुमच्या विद्यापीठातला सत्कार आहे? आम्ही तंबूत दाराकडे पाठ करून, लोकरीच्या नमद्याच्या भिंतीकडे तोंड करून बसतो, आणि गेलेल्याला हाका मारतो. तू काय बाहेर खुर्ची टाकून तळलेले बोरसोक खात ऐकणार? मी हाक मारली आणि तू ओ दिलीस, तर मी पुढे काय गायचं?

इथे वेगळीच भानगड आहे. नवीन इलियास मौलवी आले आहेत, परदेशात शिकून. पोरसवदा आहेत, दाढीसुद्धा अजून नीट जमलेली नाही. त्यांचं म्हणणं, मेलेल्यावर मोठ्याने रडलं की त्याला कबरीत त्रास होतो, तेव्हा विलाप बंद. गेल्या महिन्यात सादिरच्या घरी मी गायला बसले, तर ते तंबूच्या दाराशी येऊन खाकरायला लागले. मी आवाज चढवला. त्यांनी खाकरणं चढवलं. शेवटी त्यांचा घसा बसला, माझा नाही. सामूहिक शेतीच्या जुन्या चेअरमनला मी गायले तेव्हा त्याचे वैरीसुद्धा ढसाढसा रडले होते, खाकरण्याला मी काय घाबरते?

पांढरी गाय व्यायली, कालवड झाली. तुझी आठवण काढते म्हणणार नाही, तिने तुला पाहिलेलं नाही.

प्रकृती सांभाळणे, आणि डोकंही.

तुझी एजे,
उमसुनाय

~

बिश्केक,
६ एप्रिल

ती. एजेस सलाम.

भाकरीवर हात ठेवून लिहितो आहे, म्हणूनच हे पान जरा तेलकट झालं असेल. मला काहीही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय तरुणाचं आहे. बाईच होती डॉक्टर, उगाच खूश करायला बोलली नसेल.

तू म्हणतेस हा सत्कार नव्हे. अगदी बरोबर. हे त्याहून खोल आहे. सगळ्या थोर साहित्यात मृत्यूशी मैत्री करायला सांगितलं आहे. सगळे धर्म सांगतात, रोज मरणाची आठवण ठेव. मी तर एक पाऊल पुढे जाऊन त्याला जेवायला बोलावतो आहे. इलियास मौलवींनाही मी सविस्तर पत्र धाडलं आहे. मुद्दा साधा आहे: विलापामुळे मेलेल्याला कबरीत त्रास होतो. मी मेलेलो नाही, कबरीत नाही. तेव्हा त्रासाचा प्रश्नच येत नाही. बघू काय उत्तर देतात.

तुझ्या सोयीसाठी विलापात यावेत असे काही मुद्दे देतो. एक म्हणजे माझी दीर्घ सेवा. पुस्तकाच्या तिन्ही आवृत्त्या याव्यात, पण नावं सगळी घेऊ नकोस, एकामागून एक ऐकली की लोक हसतात. पदक यावं. स्वभावाने साधा, हे यावं. पहिल्या बायकोचा उल्लेख नको. त्या लग्नात मी नवऱ्या मुलाच्या घोड्यावर उलट्या तोंडाने बसलो होतो, तेही नको, तेव्हा मला कुमिस चढली होती आणि ते सगळ्या गावाला माहीत आहेच.

एजे, विनोद बाजूला ठेवून एक लिहितो. मी सत्तरी ओलांडली. आपल्याकडे माणसाला जिवंतपणी शिव्या आणि मेल्यावर ओव्या. तू मला आयुष्यात एकदाही चांगलं म्हटलेलं आठवत नाही. शाळेत पहिला आलो तेव्हा म्हणालीस, बाकीची मुलं आजारी असतील. लोक काय, खोटंही बोलतात. तुझं मला ऐकायचं आहे.

उत्तर लवकर, आणि होकारार्थी असावं.

तुझा,
सेयिल

~

अक-जार,
२८ एप्रिल

चि. सेयिल यास आशीर्वाद, मुद्द्यांसकट.

इतकी वर्षं गाते आहे, पण मयताने मुद्दे पाठवल्याचं हे पहिलंच. तुझी यादी बायकांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. स्वभावाने साधा या ठिकाणी बाल्तागुलला ठसका लागून पाणी द्यावं लागलं.

तुझ्या मुद्द्यांवरून दोन ओळी बसल्या बसल्या जमल्या, बघ आवडतात का:

शब्दांचे डोंगर रचलेस रे, सेयिल,
गवताची पेंढी ना उचललीस रे, सेयिल.

बाकी अशाच होतील.

मौलवींचं सांगते. तुझं पत्र घेऊन ते आठवडाभर हिंडत होते. मग टेकडीवर चढून, जिथे फोन लागतो तिथून, आपल्या उस्तादांना विचारलं. उस्तादांनीही आपल्या उस्तादांना विचारलं म्हणे. शेवटी शुक्रवारी त्यांनी सांगितलं, स्वतःच्या आशला बसून जेवणाऱ्या माणसाबद्दल कोणत्याही किताबात काहीच सापडत नाही. त्यामुळे ही गोष्ट ना मना आहे ना सवाबाची, पुण्याची, नुसती निरुपयोगी आहे. मग हळूच विचारलं, घोडं कितीसं मोठं कापणार.

आणि एक. पलीकडच्या गावची सोनुन काल आली होती. म्हणाली, तुला वयामुळे जमत नसेल तर सेयिलबेकचा विलाप मी गाते. तिला कोणी सांगितलं कोण जाणे, तूच लिहिलं असशील. तीच सोनुन, जी कागदावर लिहून आणते आणि चष्मा विसरली की रडायची थांबते! माझ्या भावाचा विलाप सोनुनने गायचा? मी काय मेले आहे?

तंबूत मी बसेन. गाईन असं म्हटलेलं नाही. बसेन.

एजे

~

बिश्केक,
२० मे

ती. एजेस सलाम आणि आभार.

तू बसणार म्हणजे गाणार, हे मी समजलो. सोनुनला मीच लिहिलं होतं. तुझा भाऊ आहे, तुला ओळखतो.

दोन ओळी उत्तम आहेत. पहिली तर फारच छान. दुसरीत किरकोळ सुधारणा सुचवतो: 'गवताची पेंढी ना उचललीस रे' याऐवजी 'तीन आवृत्त्या तू काढल्यास रे' घातलं तर ठेका तोच राहतो आणि माहितीही अचूक होते.

निमंत्रणं छापून झाली. काळ्या चौकटीत माझा फोटो आहे, तसाच शोभून दिसला. खाली तारीख आणि ठिकाण. विभागप्रमुख येतो म्हणाले, भाषण तयार ठेवलं आहे म्हणाले. कुरणातल्या ओरोझलासुद्धा निमंत्रण गेलं आहे. शाळेत माझ्या शेजारी बसायचा तो, आठवतो ना?

ऑगस्टमध्ये भेटूच. गळ्याला जप, गार ताक पिऊ नकोस.

तुझा,
सेयिल

~

बिश्केक,
२ सप्टेंबर

ती. एजेस.

सलाम लिहायचा म्हणून लिहितो आहे. मन थाऱ्यावर नाही.

आश झाल्यावर न बोलता निघून आलो, हे चुकलंच. पण तूच सांग, मी काय बोलणार होतो? सकाळपासूनच सगळं उलटं चाललं होतं. काळी चौकट बघून लोकांना वाटलं मी गेलो. आशला कसं यायचं हे आपल्या माणसांना एकाच प्रकारे माहीत आहे. गावाबाहेरच्या कालव्यापासून घोड्यांवर वाकून, 'भाऊ रे माझ्या!' अशी आरोळी ठोकत ते धावत आले आणि तंबूसमोर मला खुर्चीत पाहून लगाम खेचून थांबले. निम्म्यांनी तरीही रडून घेतलं, सुरुवात केलीच होती म्हणून. ओरोझ तर दोन खिंडी ओलांडून आला होता, डोळे सुजलेले. मला बघून इतका संतापला की काही विचारू नकोस. म्हणाला, वाटभर रडलोय, आता ते परत घेणार नाही. माझ्याशी बोललाच नाही, पण जेवला.

विभागप्रमुखांनी भाषण वाचलं. ते जुमाकादिरचं भाषण होतं, फक्त नाव बदललेलं. दोन ठिकाणी तेही बदलायचं राहून गेलं होतं. त्यामुळे मीही आयुष्यात दुसऱ्याची एक ओळ उचलली नाही, असं जाहीर झालं. मौलवींनी दुआ लहान केली आणि ताट मोठं.

हे सगळं मी सोसलं, कारण पुढे तू होतीस. सगळे तंबूकडे वळले. मीही चहाचा पेला खाली ठेवला. तुझा आवाज आला, तोच, आई गेली तेव्हाचा. आणि त्या सुरात तू काय गायलीस? गवत बाहेर पडलंय रे सेयिल, आभाळ भरून आलंय रे. वडिलांच्या कबरीचं कुंपण मोडलंय रे, खिळे तुझ्या खिशात नाहीत रे. मुलीला फोन लाव रे, ती रागावली असेल तर तूच आधी लाव रे. दात बसवून घे रे, हसतोस तेव्हा ओळखू येत नाहीस रे!

पोरी खिदळल्या, मग बायका, मग सगळे. आणि आभाळ खरंच भरून आलं होतं. कोणीतरी ओरडलं आणि आख्खी आश उठून तुझ्या माळावर धावली. विभागप्रमुख सुटाबुटात पेंढ्या वाहत होते. इतक्या वर्षांत त्यांना एवढं आनंदी मी पाहिलं नव्हतं. माझ्या मृत्यूची सावड झाली, एजे.

मी फक्त एक मागितलं होतं. एवढा कोराच आहे का तुझा भाऊ, की एक चांगला शब्दसुद्धा सापडू नये? सापडला नसेल तर तसं लिही. मी शिकलेला माणूस आहे, समजून घेईन.

सेयिलबेक

~

अक-जार,
२१ सप्टेंबर

चि. सेयिल, माझ्या भावा,

यावेळी थट्टा नाही. झिपारला बटाटे काढायला पाठवून एकटीच लिहायला बसले आहे.

तुझा विलाप तयार आहे. आजचा नाही. मागे एका हिवाळ्यात तुला फुप्फुसाचा ताप आला होता आणि दवाखान्यातून निरोप आला होता की शहरात येऊन जा. रस्ता बर्फाने बंद होता. मी इथे खिडकीत बसले होते आणि करायला काहीच नव्हतं, तेव्हा तो आपोआप जुळत गेला. अडवायला गेले तरी जुळला. सकाळी निरोप आला की ताप उतरला. मी गोठ्यात जाऊन गाईच्या मानेला मिठी मारून रडले. त्यानंतर तो मी कधी गुणगुणलेलासुद्धा नाही. एखादी ओळ तोंडात आली तर जीभ चावते.

त्यात तुझं सगळं आहे. आई गेल्यावर वर्षभर तू दर आठवड्याला मला पत्र लिहायचास, मला विधवापणी कोणी विचारत नव्हतं तेव्हा तू पंचायतीत जाऊन भांडलास, ते. तू शाळेत पहिला आलास त्या दिवशी मी नदीवर जाऊन सगळ्या बायकांना सांगितलं होतं, तेही. पुस्तकं पण आहेत, तिन्ही.

तीन भावांना मी गायले, सेयिल. मोठ्याला, मधल्याला, आणि आपल्या तोकोनला. प्रत्येकाचं नाव घेऊन 'गेला' असं म्हणावं लागतं. म्हटलं की तो जातोच. त्याआधी नुसता मेलेला असतो, आपण म्हटल्यावर जातो. तू शेवटचा आहेस. तंबूत बसले तेव्हा पहिली ओळ जिभेवर आली होती आणि बाहेरून तुझं हसणं ऐकू आलं, मौलवींना तू काहीतरी शहाणपण सांगत होतास. नाही गाता आलं. सूर लागला होता आणि थांबता येईना, म्हणून जी कामं राहिलीत ती गायले. कामं राहिलेला माणूस कुठे जात नाही, असं मला वाटलं. येडपटपणा असेल. तू शिकलेला आहेस, तूच सांग.

तर तुझ्याबद्दल जे चांगलं आहे ते सगळं त्यात घातलंय आणि म्हणून ते तुला कधी ऐकायला मिळणार नाही. मी मोठी आहे. रीतीने मी आधी जाणार. तो माझ्याबरोबर जाईल, आणि गेलेलाच बरा.

माझ्यावर गायला कोणी नाही. झिपारला सूर नाही, आणि सोनुनला या दारात पाय ठेवू देऊ नकोस. विलाप नसला तरी चालेल मला. तू मात्र कालव्यापासून यायचंस, बाकीचे पुरुष येतात तसं, 'एजे माझी!' अशी हाक देत. मुद्दे काढू नकोस, काही लिहून आणू नकोस. नुसती हाक. त्या दिवशी सगळे पुरुष रडत आले, एकटा तूच खुर्चीत होतास. म्हणून शंका येते, तुला येते ना रे ती हाक?

तुझी एजे

~

बिश्केक,
५ ऑक्टोबर

माझ्या एजेस,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तिसऱ्या आवृत्तीचे कागद तपासायला आले होते, ते बाजूला सारले. प्रकाश वगैरे काय लिहिलंय मी, कोणास ठाऊक.

मग काल संध्याकाळी मनात आलं, बघू तरी, येते का ती हाक. स्वयंपाकघरात उभा राहिलो. ओट्यावर जुना रेडिओ होता तो बंद केला. खाकरलो. मनात म्हटलं, हा कालवा, ते तुझं दार. आणि 'एजे माझी!' अशी हाक दिली.

येते, एजे. इतकी मोठी आली की मीच घाबरलो. आणि एकदा आल्यावर थांबेना. भिंतीला टेकून मी लहान मुलासारखा ओरडत राहिलो.

आपली माणसं ही हाक ऐकून कुठेही असोत, उठतात. खालच्या मजल्यावरची बाई पिठाचे हात तसेच घेऊन धावली. समोरचे म्हातारे चपला उलट्या घालून आले. कोणी चहा ठेवला, कोणी भाकऱ्या आणल्या, कोणी आरसा झाकला. कोणी काही विचारलं नाही. मला बोलताच येत नव्हतं, तेव्हा खुलासा तरी काय करणार? मी रडत होतो, ते शेजारी बसून होते. मग खालच्या बाईने हळूच विचारलं, कशी होती बहीण.

आणि मी सांगायला लागलो. तू मला पाठीवर घेऊन नदी ओलांडायचीस ते सांगितलं. तुझ्या वाट्याची साखर मला देऊन तुला गोड आवडत नाही असं म्हणायचीस ते सांगितलं, आणि तुला गोड किती आवडतं हे मला कळलं तेव्हा मी दोन मुलांचा बाप होतो, तेही सांगितलं. मौलवींच्या खाकरण्याचं सांगितलं, तेव्हा सगळे हसले. तुझ्यासारखं गाणारी कोणी नाही हे मी पूर्वी सांगायचो, पण तुझ्यासारखं गप्प राहणारीही कोणी नाही, हे काल पहिल्यांदा म्हणालो. किती वेळ बोललो कळलं नाही. एक मुद्दा काढलेला नव्हता.

शेवटी समोरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, माती कधी दिली. मी म्हटलं, ती बरी आहे, बटाटे काढते आहे.

सगळ्यांनी हातातल्या भाकऱ्या खाली ठेवल्या. मला वाटलं, आता चांगलेच खडसावणार. पण खालच्या बाईने भाकऱ्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, मग इथे काय करताय? हे सगळं तिला जाऊन सांगा.

म्हणून येतो आहे. हे पत्र मिनीबसवाल्याकडे देतोय, शुक्रवारच्या फेरीला मीच असेन. खिळे घेतले आहेत. मुलीला फोन लावला, ती आधी रागावली आणि मग बराच वेळ बोलली. दातांचं नंतर बघू.

पाहुणचार काही नको. मी येऊन समोर बसेन आणि कालचं सगळं पुन्हा सांगेन, तुझ्या तोंडावर. तुला ऐकवणार नाही, हे मला माहीत आहे. मला सांगवेल की नाही हेही माहीत नाही. एवढंच कर: मी बोलायला लागलो की गाईचं निमित्त काढून उठू नकोस.

लोभ आहे, हे मला कळलं. तो असाच दडवून ठेवू नये, ही विनंती.

तुझा, अजून असलेला,
सेयिल